उसने आणलेले आवाज : कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय आणि व्यवस्थापन परिषदेच्या सर्व सदस्यांस,

सा. न. वि. वि.

आपल्या विद्यापीठाच्या जागतिक संगीत अभ्यास केंद्रात मी १९८९ ते २०२१ अशी बत्तीस वर्षं ध्वनिमुद्रण सहाय्यक होतो. आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करून लागलो आणि त्याच पदावरून निवृत्त झालो. आपली-माझी ओळख नाही. माझी सगळी नोकरी काचेच्या पलीकडच्या खोलीत गेली, तेव्हा ओळख असण्याचं काही कारणही नाही.

हे पत्र आधी आपल्या कार्यालयात रीतसर आवक क्रमांक घेऊन दिलं होतं. सहा आठवडे थांबलो. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता चारचौघांसमोर ठेवतो आहे. विद्यापीठाचं नाव मुद्दाम गाळलं आहे. मला कुणाची नाचक्की करायची नाही. मला ध्वनिफितींचे काही डबे वाचवायचे आहेत.

होळीच्या आदल्या संध्याकाळी निघालेल्या परिपत्रकात तीन वाक्यं आहेत. केंद्राचं कामकाज सांस्कृतिक कार्यक्रम कक्षात विलीन होणार. केंद्राची पहिल्या मजल्यावरची जागा नवउद्योजकता कक्षाला मिळणार. आणि 'केंद्रातील जडसंग्रह ३१ मेपूर्वी तळघरात हलवून निरुपयोगी वस्तूंच्या निर्लेखनाची कार्यवाही करावी'. पहिल्या दोन वाक्यांवर मी घरात बसून चरफडलो असतो आणि गप्प राहिलो असतो. तिसरं काही घशाखाली उतरेना.

निर्लेखन म्हणजे वस्तू वहीतून खोडून भंगारात काढणं. जडसंग्रह नोंदवही म्हणजे आपलं डेडस्टॉक रजिस्टर. ते मी स्वतः बारा वर्षं लिहिलं आहे, त्यामुळे त्यात काय आहे ते मला पाठ आहे. माझ्या आधीच्या लिपिकाने केलेली एक नोंद अशी : 'मडके, चामडे लावलेले, १ नग'. हे मडकं म्हणजे घुमट. गोव्यातल्या एका घराने केंद्राला दिलेलं, मातीचं, तोंडावर घोरपडीचं कातडं ताणलेलं. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. घोरपडीला कायद्याचं संरक्षण आल्यापासून आता बकऱ्याचं कातडं लावतात आणि आवाज बदलला म्हणून जुनी मंडळी हळहळतात. म्हणजे आपल्याकडच्या त्या मडक्यात एक असा आवाज आहे जो नव्याने तयार करता येणार नाही. भंगाराच्या लिलावात ते काढू नये याला आणखी एक कारण आहे, आणि ते वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी जरूर वाचावं : घोरपडीचं कातडं असलेली वस्तू विकायला काढणं वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. निविदा काढणारा अडचणीत येईल.

पुढची नोंद 'लोखंडी पट्ट्यांची पेटी, १ नग'. ती झिम्बाब्वेची एम्बिरा. दोन अंगठे आणि एका तर्जनीने वाजवतात. 'दुधी भोपळा, वाळलेला, नळ्यांसह' म्हणजे पालघरकडचा तारपा, आदिवासींचं फुंकवाद्य. हसू येतं खरं, पण यातली मेख वेगळी आहे. जगभरातली संग्रहालयं आज ज्या पद्धतीने वाद्यं लावतात ती एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स या दोघांनी १९१४ साली बर्लिनमधून मांडली. तिचा पाया ब्रसेल्सच्या संग्रहालयातल्या व्हिक्टर माहियोंच्या चार वर्गांवर होता. आणि त्या संग्रहालयाकडे कलकत्त्याच्या सौरींद्रमोहन ठाकूरांनी १८७६ साली बेल्जियमच्या राजाला भेट म्हणून धाडलेली भारतीय वाद्यं होती. तत, सुषिर, अवनद्ध, घन (तारांची, फुंकीची, कातड्याची आणि ठोकायची वाद्यं) हे नाट्यशास्त्रातले चार वर्ग माहियोंच्या मांडणीत जवळजवळ तसेच उतरलेले दिसतात. आपल्या पोथीतून निघालेली विभागणी ब्रसेल्स-बर्लिन करून साऱ्या जगात पसरली, आणि आपल्या विद्यापीठात मात्र वाद्यांचा वर्ग कोणता, तर 'लाकडी सामान व इतर'.

आता 'जागतिक' या शब्दाविषयी, कारण मागच्या अधिसभेत एका सदस्यांनी विचारलं म्हणे, की आपल्या मुलांना परदेशी संगीत कशाला?

हा शब्द विद्यापीठांत रुळवला तो अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. ते स्वतः मृदंगम शिकलेले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात मॅंटल हूड यांचा आग्रह होता, की ज्या संगीताचा अभ्यास करायचा ते निदान थोडं तरी वाजवता आलं पाहिजे. भाषा बोलता न येता तिचं व्याकरण लिहू नये, तसंच हे. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र १९६८पासून दीड दशक अशोक दा. रानडे यांनी चालवलं. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीताच्या कोटी त्यांनी मांडल्या आणि यातली कुठलीही कोटी दुसरीच्या खालच्या पायरीवर नाही हे शास्त्रीय संगीतवाल्यांना ऐकवलं. आपलं केंद्र सुरू झालं ते या हवेत. 'परदेशी गाण्यांचा वर्ग' असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

त्या सदस्यांना मी एवढंच विचारेन, की आपल्या गावच्या भजनी मंडळातली पेटी कुठली? तिच्या पोटातली मोकळी जीभ, म्हणजे हवेने थरथरणारी धातूची पट्टी, युरोपातून आली, युरोपात ती चीनच्या शेंग नावाच्या वाद्यावरून सुचली असं मानतात, आणि कलकत्त्यात तिला हाताचा भाता मिळून ती मांडीपुढे आली. आकाशवाणीने तिला परकी म्हणून १९४० ते १९७१ बाहेर उभं केलं होतं. आपल्या देवळांनी नाही केलं. जागतिक संगीत शिकवायला मला विमानाचं तिकीट लागत नसे. काकड आरतीला जाऊन बसलं तरी तास होई.

आणि मॉरिशसच्या मुलाचं सांगतो.

दर गुरुवारी सायंकाळी सहाला केंद्रात श्रवणबैठक असे. खुली, फुकट, दारात चपला काढून आत. कोपऱ्यात चहाचा थर्मास. खुर्च्या तीस, माणसं बहुतेक वेळा अकरा-बारा. हा आकडा कमीच होता आणि मी तो वाढवून सांगणार नाही. अशाच एका गुरुवारी आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या जाखडीचं १९९४ सालचं ध्वनिमुद्रण लावलं होतं. जाखडी म्हणजे मुंबईकर ज्याला बाल्या नाच म्हणतात ती. मृदंग, झांज, आणि शक्तीवाले-तुरेवाले यांची सवाल-जबाबाची जुगलबंदी. मागच्या रांगेत मॉरिशसहून बी.कॉम.ला आलेला एक मुलगा होता, मित्राबरोबर चहासाठी आलेला. आधी त्याचा पाय हलला. मग तो उभा राहिला, आणि शाळेत शिकलेल्या त्याच्या अवघडलेल्या मराठीत म्हणाला, "सर, हे तर आमची झाकरी आहे."

मॉरिशसला ऊसमळ्यांवर मजूर न्यायला सुरुवात झाली १८३४ साली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं पुष्कळ होती. त्यांनी बरोबर गणपती नेला आणि जाखडी नेली. तिची तिकडे झाकरी झाली. पुढच्या गुरुवारी तो मुलगा आजीच्या गावातलं चित्रण फोनवर मागवून घेऊन आला. दोन्ही एकापाठोपाठ लावली. ठेका तोच. चाल कुठे कुठे सुटलेली, शब्द निम्मे झिजलेले, पण पाय टाकण्याची जागा तीच. बारा माणसं होती त्या दिवशी, आणि चहा गार झाला.

आपल्या प्रभारी संचालकांनी मला भेटीत सांगितलं, "अहो, आता जगातलं सगळं संगीत यूट्यूबवर आहे." आहे ना. मीही रात्री ऐकतो. पण संगमेश्वरचं ते ध्वनिमुद्रण यूट्यूबवर नाही, ते कपाट क्रमांक चारमध्ये आहे. आणि असतं तरी, तारप्याशेजारी इजिप्तचं अर्गूल लावून बघा, दोघांच्याही जोडनळ्या आणि एकेरी जिभा, दोन्ही वाजवणारे गाल फुगवून श्वास न तोडता वाजवतात, हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. मला ते आमच्या पहिल्या संचालकांनी सांगितलं. आयटीआयवाल्या पोराला.

आता माझ्या तक्रारी. त्यांची लांबी सारखी नाही, कारण त्यांचं वजन सारखं नाही.

पहिली, निर्णयाच्या रीतीची. केंद्राच्या सल्लागार समितीची बैठक न घेता केंद्र बंद झालं. विद्वत परिषदेपुढे विषय आला नाही. केंद्रात पीएच.डी. करणाऱ्या दोन विद्यार्थिनींना ही बातमी शिपायाकडून कळली, तो त्यांची टेबलं मोजायला आला तेव्हा.

दुसरी, माणसांची. संग्रहपालाचं पद मी असतानाच रिकामं झालं, ते भरलं नाही. माझं पद माझ्याबरोबर निवृत्त झालं. अध्यापक तासिका तत्त्वावर, संचालकपद व्यवस्थापन विभागातल्या प्राध्यापकांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून. आणि मग परिपत्रकात 'केंद्राचे उपक्रम समाधानकारक नाहीत' असं लिहायचं. बैल सोडून द्यायचे आणि शेत पडीक राहिलं म्हणून शेतकऱ्याला बोल लावायचा, असा हा प्रकार आहे.

तिसरी, टेपांची. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण व्यवस्थापन परिषदेत हा विषय कळणारं कुणी नसावं अशी माझी समजूत आहे. असल्यास क्षमा मागतो.

केंद्रात माझ्या शेवटच्या मोजणीनुसार ३५० स्पूल (चाकावर गुंडाळलेल्या फिती), १,१०० कॅसेट आणि डॅटचे, म्हणजे डिजिटल कॅसेटींचे, दोन खोके आहेत. चुंबकीय फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर गोंदाने बसवलेली लोह-ऑक्साइडची भुकटी. हवेतली ओल हा गोंद पिते. मग फीत चिकट होते, हेडवर तपकिरी लगदा सोडते आणि यंत्रात किंचाळते; अक्षरशः किंचाळते, कुत्र्याचं शेपूट दारात सापडावं तशी. अशा फितीला शेकावं लागतं. २००३च्या पावसाळ्यानंतर आमच्या चाळीस स्पूल अशा झाल्या, तेव्हा मी वनस्पतिशास्त्र विभागातली झाडपाला वाळवण्याची भट्टी रात्रीपुरती मागून घेतली. पन्नास अंश, आठ तास. दर दोन तासांनी उठून डबे फिरवायचे. सकाळी भट्टीला निरगुडीचा वास आणि माझ्या शर्टाला टेपचा. अडतीस स्पूल वाजल्या. शेकल्यावर काही आठवडेच मिळतात, त्यात उतरवून घ्यायचं. मात्र जुन्या ॲसिटेटच्या फिती चुकूनही शेकायच्या नाहीत, त्यांचा वेगळा आजार आहे : त्या आंबतात. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. आणि तो आजार शेजारच्या डब्यांना लागतो.

तळघराची मला माहिती आहे. २०१९ला तिथे घोट्याएवढं पाणी होतं, परीक्षा विभागाच्या उत्तरपत्रिका तरंगल्या होत्या. त्याच खोलीत आपण हे सगळं नेणार आहात, मृग तोंडावर आलेला असताना.

आणि पाणी नाही शिरलं तरी वेळ हातात नाही. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ सालीच जगभर इशारा दिला होता, की २०२५च्या आसपासपर्यंत फिती संगणकावर उतरवून घ्या, कारण त्यानंतर वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्त करणारी माणसं मिळणार नाहीत. ती मुदतही टळून गेली. आपल्याकडे दोन स्पूल यंत्रं आहेत. एकाचा पट्टा मी शिलाई मशिनच्या पट्ट्यावरून घासून बेतला आहे. परिपत्रकाच्या जोडपत्रात ही दोन्ही यंत्रं 'कालबाह्य, निर्लेखनास पात्र' आहेत. ती भंगारात गेली की उरलेल्या फिती जगल्या काय नि मेल्या काय, सारखंच.

हिशेब अगदी सोपा आहे. कॅसेट सरासरी एक तास, स्पूल पाऊण तास धरली, तर एकूण साधारण १,३६० तास. यात घाई चालत नाही, तासाची फीत उतरायला तासच लागतो. एक जाणता माणूस, एक चालू यंत्र, रोज चार तास : ३४० कामाचे दिवस. म्हणजे दीड वर्ष. चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ ही जगभरची शिफारस आहे, आणि त्याला लागणारं उपकरण आपल्या वर्धापनदिनाच्या एका संध्याकाळच्या ध्वनिव्यवस्थेपेक्षा स्वस्त पडेल.

वर्धापनदिनावरून आठवलं. केंद्राच्या नावावर मागची काही वर्षं 'विश्व संगीत महोत्सव' झाला. लेसरचे दिवे, धूर, एक फ्यूजन बँड आणि निवेदिका. मी नाव ठेवत नाही, पोरांना मजा आली. परंतु केंद्राच्या वार्षिक अहवालात त्या वर्षी तेवढी एकच ओळ आहे.

चौथी तक्रार ही खरं तर माझ्यावरचीच आहे, आणि हे पत्र लिहायला बसलो ते मुख्यतः तिच्यामुळे.

गावोगाव फिरून आम्ही आवाज आणले. गोंधळी, वासुदेव, धनगरी ओव्या, डक्कलवारांची किंगरी, अलिबागकडच्या बेने इस्रायली घरांमधली मराठी कीर्तनपदं. मोशे आणि योसेफाच्या कथा साकी-दिंडीच्या चालीवर. प्रत्येकाकडून संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घेतला. छापील मजकुरातलं शेवटचं वाक्य मला तोंडपाठ आहे : 'ध्वनिमुद्रणाची एक प्रत कलाकारास विनामूल्य देण्यात येईल.'

संगमेश्वरच्या त्या जाखडीचे शाहीर तेव्हा सत्तरीचे होते. रात्रभर गायले. पहाटे त्यांच्या ओटीवर मी वायर गुंडाळत होतो, त्यांनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागद माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "मंग आमाला कवा ऐकवशाल?" मी म्हटलं, गणपतीच्या आत. मनापासून म्हटलं होतं.

मास्टर फितीवरून प्रत काढायला संचालकांची परवानगी लागे. संचालक तेव्हा रजेवर. मग नवे संचालक आले, त्यांना धोरण ठरवायचं होतं. मग कोऱ्या कॅसेटींची खरेदी लेखा विभागात अडली. सहा गणपती गेले. सातव्या वर्षी मी दुसऱ्या कामाला चिपळूणला गेलो होतो, तिथून वाकडी वाट करून त्या घरी गेलो. शाहीर दोन वर्षांपूर्वी वारले होते. मुलाने चहा दिला, आणि विचारलं, "साहेब, ती टेप असंल ना अजून? बाबांचा दुसरा आवाज न्हाय आमच्याकडं." मी परत येऊन अर्ज केला. त्याला प्रत मिळाली चौदा महिन्यांनी, आणि तीही मी माझ्या पैशाच्या कॅसेटवर, रविवारी येऊन काढून दिली तेव्हा. नियमाला सोडून. पाहिजे तर पेन्शनमधून वसूल करा.

हे एका शाहिराचं. संमतीपत्रांची फाइल मी निवृत्तीआधी चाळली होती. ४१२ संमतीपत्रं आहेत. प्रत दिल्याची नोंद ६३ ठिकाणी. उरलेल्या ३४९ माणसांचं, किंवा आता त्यांच्या वारसांचं, आपण देणं लागतो. जडसंग्रहात आपल्या मालकीच्या वस्तू धरतात. हे आवाज आपण उसने आणले आहेत. उसन्या वस्तूंचं निर्लेखन कसं करणार? कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीपासून सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतःचा हक्क आहे. संग्रहाचं 'व्यावसायिक मूल्यमापन' एका खासगी कंपनीकडून करून घेण्याचा विचार आहे असं कानावर आलं, म्हणून हे लिहितो. संमतीपत्रावर 'अभ्यासासाठी' असा शब्द आहे. रिंगटोनसाठी असा नाही.

परत करणं अशक्य आहे, असं कुणी सांगू नये. आर्नल्ड बाके नावाच्या डच अभ्यासकाने १९३८ साली दक्षिण भारतात ध्वनिमुद्रणं आणि चित्रणं केली होती. त्यांचेच विद्यार्थी नझीर जयराजभॉय आणि त्यांच्या पत्नी एमी कॅटलिन १९८४ साली ती घेऊन त्याच गावांत परत गेले, कुणाची मुलं-नातवंडं भेटतात ते शोधत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९७९पासून मेणाच्या नळकांड्यांवरचे आवाज मूळ जमातींकडे पोचवायला घेतले. जयराजभॉयांच्याच पुढाकाराने १९८२ साली आपल्या देशात सुरू झालेला संग्रह आज गुरुग्रामला आहे, आणि विदेशी अभ्यासकांनी इथून नेलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती इथे परत आणणं हे त्याचं ठरवून घेतलेलं काम. इतकं लांबही जायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या. पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाची मंडळी पुढे त्या गाणाऱ्या बायांना गावात जाऊन पुन्हा भेटली, आणि आज ज्या बाईची ओवी आहे तिच्या नावागावासकट ती कुणालाही ऐकता येते. जर्मनीत हिल्डेसहाइम विद्यापीठाच्या जागतिक संगीत केंद्राला जागा नव्हती, तर त्यांनी वापरात नसलेलं एक चर्च घेतलं आणि त्यात वाद्यं आणि ध्वनिसंग्रह मांडला. आपल्याकडे जागा आहे, म्हणून ती काढून घेतली जाते.

केंद्राचंही चुकलं. आम्ही गोळा करण्यात दंग राहिलो, वाटायचं विसरलो. सूचीपत्र शेवटपर्यंत एका संचालकांच्या वहीत आणि माझ्या डोक्यात राहिलं. गुरुवारी अकरा माणसं येत असताना आम्ही बारावं माणूस शोधायला गेलो नाही. हे कुणी म्हणालं तर मी मान खाली घालेन. पण त्यावर उपाय म्हणून केंद्र तळघरात नेतात का?

माझ्या मागण्या मी मोजून पाच लिहितो.

एक. ३१ मेची मुदत स्थगित करावी आणि पावसाळा संपेपर्यंत एकही डबा हलवू नये.

दोन. स्पूल, कॅसेट, डॅट, वाद्यं आणि वाजवणारी यंत्रं यांची नावं निर्लेखनाच्या यादीतून लेखी आदेशाने वगळावीत. वाद्यांची नोंद त्यांच्या खऱ्या नावाने, गावाने आणि देणाऱ्याच्या नावाने नव्याने करावी. हे काम मी फुकट करून देईन, पंधरा दिवस लागतील.

तीन. दीड वर्षासाठी एक तंत्रज्ञ आणि एक संग्रहपाल नेमावा. मला नेमा असं म्हणत नाही. माझे कान आता वरचे स्वर ऐकत नाहीत. शिकवायला येईन.

चार. ३४९ प्रतींचं देणं जाहीरपणे मान्य करावं आणि तालुकावार यादी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लावावी, म्हणजे घरचे लोक स्वतः संपर्क करू शकतील. त्यांच्या परवानगीशिवाय कुठल्याही कंपनीला काहीही देऊ नये.

पाच. गुरुवार सहाची वेळ आणि ती एक खोली केंद्राकडे ठेवावी. बाकी मजला नवउद्योजकांना द्या. त्यांनीही गुरुवारी यावं, चहा असतो.

यावर दोन ओळींचं उत्तर आलं तरी ते मी इथेच, याच पत्राखाली लावीन, जसंच्या तसं. तोवर दर गुरुवारी सहा ते साडेसात मी मुख्य इमारतीच्या पायऱ्यांवर बसणार आहे. घोषणा नाहीत, फलक नाही. एक छोटा कॅसेट प्लेअर असेल. सुरक्षारक्षकांना कल्पना दिली आहे. त्यांच्यातले एक जण माणगावचे आहेत आणि त्यांनी विचारलं, जाखडी आहे का.

कळावे, लोभ असावा.

आपला,
निवृत्त ध्वनिमुद्रण सहाय्यक,
जागतिक संगीत अभ्यास केंद्र

ता. क. : कपाट क्रमांक चार, खालचा खण, डावीकडून सहा पत्र्याचे डबे. झाकणावर लाल ठिपका आहे. यांतले काही जुन्या ॲसिटेटचे आहेत आणि मी सोडलं तेव्हाच त्यांना वास येऊ लागला होता. हे पत्र बैठकीपुढे जायचं तेव्हा जाईल, पण ते सहा डबे उद्याच बाहेर काढून वेगळ्या, हवेशीर कपाटात ठेवायला सांगा. दुसऱ्या डब्यात शाहीर आहेत.